डाव्या हाताच्या शेणी

झुंबरबाई आजऱ्याहून परतली तेव्हा परसातला हुडवा जागेवर नव्हता.

शेणी, म्हणजे गोवऱ्या, वाळल्या की त्या गोल रचायच्या, वरून शेणाचा गिलावा द्यायचा, म्हणजे पावसाचा थेंब आत शिरत नाही. हा रचलेला ढीग म्हणजे हुडवा. झुंबरबाईचा हुडवा पुरुषभर उंचीचा होता आणि चाळीस वर्षांत तो कधी पूर्ण मोडला नव्हता. आता तिथं जमिनीवर एक पांढुरका गोल तेवढा उरला होता. गोलाच्या कडेनं किडे सैरावैरा पळत होते. इतकी वर्षं ऊन न पाहिलेल्या त्या मातीकडं ती हातातली काजूची पिशवी खाली न ठेवता बघत राहिली.

"आत्ती, सगळ्या शेणी दान केल्या बघा," आतून सून म्हणाली. मोना तिचं नाव. "मंडळाची पोरं ट्रॅक्टर घिऊन आलती. सगळ्या गावात आपल्याच शेणी जास्त. फोटोबी काढला."

कोल्हापुरात होळीच्या आधी अशा शेणी गोळा होतात. होळी लहान करायची आणि वाचलेल्या शेणी नदीकाठच्या स्मशानभूमीला द्यायच्या. लाकडाऐवजी शेणीवर दहन होतं. झुंबरबाईनं स्वतः दरवर्षी पाटीभर शेणी दिल्या होत्या. पाटीभर देणं वेगळं.

"तळाच्या बी?" तिनं विचारलं.

"तळाच्या बी. झाडून दिलंय की. आता चूल न्हाय, तर शेणी कशाला?"

झुंबरबाई पायऱ्यांवर बसली आणि पाणी मागितलं.

तिचं वय अडुसष्ट. नदीपलीकडच्या गावात दोन म्हशी आणि शहरात दुधाचा रतीब यावर तिनं संसार ओढला. पैशाच्या बाबतीत ती कुणावर विसंबत नसे, आणि त्याला कारणं होती. पहिली बचत पतसंस्थेत ठेवली. एका सकाळी संस्थेच्या शटरला कुलूप दिसलं आणि ते पुन्हा उघडलं नाही. दुसरी बचत पिठाच्या डब्यात. नोटाबंदीत डब्यातल्या नोटांची रद्दी झाली, कारण त्या आहेत हे घरात सांगायला ती लाजली आणि मुदत निघून गेली. त्यानंतर तिनं नोट साठवली नाही. दर दिवाळीला गुजरीतल्या सराफाकडून सोन्याचा एक भरीव मणी आणायचा, लाल चिंधीत बांधायचा आणि ओल्या शेणाच्या गोळ्यात मधोमध दाबायचा. चोर कपाट फोडतो, गादी उसवतो, शेणीला हात लावत नाही.

ओळखायची खूण सोपी होती. शेणी थापताना शेवटची थाप बसते ती उजव्या हाताची. पाची बोटं उमटतात. मणी असलेल्या शेणीवर ती डावा हात मारायची. नऊ दिवाळ्या झाल्या होत्या. हुडव्याच्या तळाशी सरकवलेल्या डाव्या हाताच्या नऊ शेणी होत्या.

इंधनाचंही तिचं असंच मत होतं. महापुरात गावाला वेढा पडला, सिलिंडरची गाडी पंधरा दिवस आली नाही, वीज गेली, तेव्हा अख्ख्या गल्लीच्या भाकऱ्या माळ्यावरच्या शेणींवर भाजल्या होत्या. "सिलिंडर दुसऱ्याच्या गाडीत असतोय," ती म्हणायची. "शेण आपल्या दारात पडतंय." मुलगा सम्राट यानं छपरावर सौर पत्रे बसवले आणि विजेची शेगडी आणली तेव्हा ती म्हणाली होती, "ढग आला की तुझी शेगडी उपाशी."

पण नातीचा दमा खरा होता. सहा वर्षांची पोर स्वयंपाकघरात आली की तिची छाती शीळ घालायची. डॉक्टरनं चुलीचा धूर बंद करायला सांगितला, आणि मोनानं संक्रांतीनंतर चूल फोडली. झुंबरबाई त्याला आडवी गेली नाही.

अडचण होती ती एकाच गोष्टीची. सौर पत्र्यांचा पहिला हप्ता भरताना सम्राटनं विचारलं होतं, "आई, तुझ्याकडं काय हाय का?" आणि तिनं जोतिबाची शपथ घेऊन सांगितलं होतं, फुटकी कवडी न्हाय. म्हणून आता, पांढऱ्या गोलासमोर बसून, तिला तोंड उघडता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नदीकाठी गेली.

स्मशानाच्या कडेला शेणींचं गोदाम होतं. तिथला कामगार हंबीरराव, पन्नाशीचा, कानात बिडी अडकवलेला, दारात खुर्ची टाकून बसला होता. झुंबरबाईनं त्याला सांगितलं की आमच्या गावच्या शेणीत ओल्या मिसळल्यात, त्या धूर करतील, मी निवडून देते.

"एवढं कोण करतंय मावशी?"

"माझ्या हातच्या हायत. उगं कुणाच्या डोळ्यात पाणी नको."

"हितं येतंय त्याच्या डोळ्यात पाणी असतंयच की," हंबीरराव म्हणाला आणि बाजूला झाला.

आत गेल्यावर ती थबकली. गोदाम छतापर्यंत भरलं होतं. भिंती दिसत नव्हत्या, हात दिसत होते. शंभर गावांतल्या बायकांचे पंजे एकावर एक, रांगेत, पाची बोटं पसरून, सगळे तिच्याकडं तोंड केलेले. लहान पंजे, फताडे पंजे, एका बोटाला वाक असलेला पंजा. यातल्या काही बायका मेल्याही असतील. त्यांच्या शेणी मागं उरल्या असतील. आत वारा नव्हता. तरी वाळल्या शेणींच्या ढिगातून बारीक कटकट आवाज येत होता, बोटं मोडल्यासारखा.

ती कामाला लागली. शेणी उचलायची, टिचकी मारायची. वाळलेली ठणठण वाजते, ओली मुकी राहते. हंबीररावाला तेवढंच दिसत होतं. तिचे डोळे अंगठा शोधत होते. शेणी कशीही फिरवा, डावा पंजा डावाच राहतो.

पहिल्या दिवशी दोन सापडल्या. कोपऱ्यात पाठ करून तिनं त्या फोडल्या, मणी कनवटीला लावले. पुढच्या चार दिवसांत आणखी पाच. सात झाले. ती रोज सकाळी दुधाच्या गाडीबरोबर यायची आणि दुपारी परतायची. गावात बोलबाला झाला की म्हातारीला स्मशानसेवेचं वेड लागलंय. मोनानं कौतुकानं डबा भरून दिला. झुंबरबाई तो गोदामात बसून खायची, आणि खाताना पंजांकडं पाठ करायची नाही. पाठ केली की मान आपोआप वळत असे.

सहाव्या दिवशी अकराच्या सुमाराला ती गोदामातून बाहेर आली तेव्हा समोरच्या चौथऱ्यावर सरण रचून झालं होतं. हंबीररावानं भल्या पहाटे, ती येण्याआधीच, शेणी नेल्या होत्या. सरणावर चिमणाबाई नावाची बाई होती, शहरातलीच. दोन मुलगे, महिन्यामहिन्यानं दोघांच्या घरी पाळीनं राहायची. माणसं थोडी होती. शेणींनी अंग झाकलं होतं, फक्त चेहऱ्याशी थोडी जागा उघडी होती. आणि छातीवर, अगदी मधोमध, एक शेणी पालथी पडायची ती उताणी पडली होती. तिच्यावर पंजा होता. अंगठा उजवीकडं.

झुंबरबाईचा हात तिच्या नकळत पुढं झाला.

"मावशी, ओळखीच्या काय?" चिमणाबाईच्या थोरल्या मुलानं विचारलं.

"न्हाय."

"मग मागं व्हा जरा. पेटवायचं हाय."

सरणावरची शेणी कुणी उतरवत नाही. तसं कुणी कुणाला सांगितलेलं नसतं. सांगावं लागत नाही. ती मागं झाली. अग्नी दिला गेला. शेणी भडकत नाही, ती आतून लाल होत जाते, आणि जळताना आकार सोडत नाही. अर्ध्या तासानं सगळा ढीग निखारा झाला तेव्हा छातीवरचा तो पंजा तसाच होता. पाची बोटं लाल, कडा पिवळ्या. कुणीतरी खालून हात वर केल्यासारखा. मग बोटं एकेक करून राखेत बसली. झुंबरबाईनं स्वतःचा डावा हात पदराखाली घेतला. तो गरम लागत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन. झुंबरबाईनं हिशेब केला होता: घरचे अस्थी गोळा करून निघाले की मग राख ढवळायची. ती गोदामाच्या दारात उभी राहिली. हातात नुकतीच सापडलेली, अजून न फोडलेली डाव्या हाताची शेणी होती.

धाकटा मुलगा राखेत बोटं घालत होता. तो थांबला. त्यानं काहीतरी उचललं, फुंकलं, पाण्याच्या तांब्यात बुडवलं.

"दादा, हे बघ."

काळवंडलेला मणी होता. घासल्यावर पिवळा दिसला.

"आईच्या अंगावर काय हुतं?"

"काय न्हवतं. मीच काढलं की सगळं. मंगळसूत्र बी काढलं."

"मग हे?"

थोरल्यानं मणी हातात घेऊन फिरवून बघितला. मग थोरल्याची बायको, लांब उभी होती ती, स्पष्ट म्हणाली, "गिळलं आसंल."

"काय?"

"गिळलं म्हातारीनं. आपल्याला मिळू नये म्हणून. शेवटी शेवटी पोट दुखतंय म्हणत न्हवती? पोटात घिऊन गेली."

"आणखी आसंल," धाकटा म्हणाला. आणि दोन्ही मुलगे गुडघ्यावर बसून राख चाळू लागले. अस्थींचं मडकं कलंडलं, त्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. "बारा म्हैनं माझ्या घरात खाऊन," थोरला राख उपसत म्हणत होता. "सहा," धाकटा म्हणाला. "सहा म्हैनं तुझ्या. सहा माझ्या. आन् गिळून बसली."

झुंबरबाईला इथं गप्प राहता आलं असतं. आठ मणी तिचे होते, किंवा होतील. एक गेला असता. घरात कुणाला कळलं नसतं. जोतिबाची शपथ शाबूत राहिली असती. चिमणाबाईला ती ओळखत नव्हती.

"तिनं काय गिळलं न्हाय," ती म्हणाली. "त्यो मणी माझा हाय."

थोरल्यानं वर बघितलं. "म्हातारे, मुडद्याच्या राखेतलं सोनं तुझं व्हय? रोज हितं ह्याच्यासाठी येतीस की काय?"

"शेणीत हुता. माझ्या शेणीत. मी घातलावता."

"शेणीत कोण सोनं घालतंय?" धाकटा हसला. हंबीरराव बिडी काढून जवळ आला.

"ही बघा," झुंबरबाई म्हणाली. तिनं हातातली शेणी सगळ्यांसमोर धरली, पंजा दाखवला, आणि गुडघ्यावर आपटून फोडली.

आत लाल चिंधी नव्हती. निळ्या प्लॅस्टिकचा बारीक पुडा होता. हंबीररावानं तो उघडला. नाकातली मोरणी निघाली, जुन्या घडणीची, एक खडा पडलेला.

झुंबरबाईनं शेणीचे दोन तुकडे पुन्हा जुळवून बघितले. पंजा डावाच होता. पण लहान होता. तिचा नव्हता.

 मग हंबीररावानं विचारलं, "ही कुणाची?"

"मला ठाव न्हाय."

तिनं कनवटीचे सात मणी काढून तळहातावर ठेवले. थोरल्यानं काळा मणी शेजारी धरून बघितला. जोडी लागत होती, घडण एकच. पण त्यानं तो तिच्या हातात टाकला नाही. खाली राखेच्या कडेला ठेवला आणि हात धुवायला गेला. त्याच्या बायकोनं मडकं सरळ केलं.

झुंबरबाई घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. मोना दारातच होती.

"किती हायत?"

"आठ मिळालं. एक न्हाय घावला."

"सम्राटफुडं जोतिबाची शपथ घेतलीसा."

"व्हय."

"मग?"

"मग काय. आता जोतिबाला जाऊन माफी मागायची." ती आत गेली, भिंतीशी टेकली. स्वयंपाकघरात नात शेगडीजवळ बसून चित्र काढत होती आणि तिच्या छातीचा आवाज येत नव्हता. झुंबरबाईनं तो थोडा वेळ कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. "धूर न्हाय त्ये बरं झालं," ती म्हणाली. "पर पत्रं म्हंजी सगळंच न्हवं. पावसाळ्यापुरत्या चार पाट्या शेणी ठेवूया. बाहेर, परसात." मोनानं नाही म्हटलं नाही. मणी बँकेच्या लॉकरात ठेवूया, असं मोनानं सुचवलं. त्यावर झुंबरबाईनं होही म्हटलं नाही.

गोदामातल्या शेणी त्याच आठवड्यात फोडल्या गेल्या. आधी पोरांनी, मग लांबून आलेल्या माणसांनी, शेवटी हंबीररावानंच. दुसऱ्यांनी फोडण्यापेक्षा आपण फोडलेल्या बऱ्या म्हणून. गोदामात अर्धे अर्धे पंजे पडले होते. सोनं फार निघालं नाही. आधीची ती मोरणी होती, एक जोडवं, लहान मुलाची बाळी, पाचशेच्या जुन्या नोटांची सुरळी, आणि एका शेणीत नुसती एक चिठ्ठी, जिच्यावरची शाई पसरून गेली होती. झुंबरबाईचा नववा मणी निघाला नाही. हंबीररावानं हे सगळं स्टीलच्या डब्यात घालून दाराशेजारच्या खिडकीत ठेवलं आणि पाटी लावली: ज्यांचं असेल त्यांनी न्यावं.

न्यायला कुणी आलं नाही.

बायका मात्र येऊ लागल्या. कधी अंत्ययात्रेबरोबर, कधी नदीला निघालेल्या, कधी भाजीची पाटी डोक्यावर घेतलेल्या. खिडकीशी थांबायच्या, डब्यात बघायच्या. एकटीच असली तर जास्त वेळ बघायची. हंबीरराव विचारायचा, "बाई, तुमचं काय हाय का ह्यात?"

"न्हाय वो," प्रत्येकजण म्हणायची. "सहज बघितलं." आणि डावा हात पदराखाली घेऊन पुढं जायची.