झाडांना होमिओपाथी देणारे विष्णुपंत

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. दोन-चार एकटी माणसं रोज संध्याकाळी एका ठिकाणी बसू लागली की ते साचत जातात, आणि माणसं पांगल्यावर कळतं, आपल्यापाशी केवढा साठा झालाय! माझ्याकडचे सगळे विष्णुपंतांच्या बागेतले आहेत.

मी तेव्हा ठाणे स्टेशनात तारमास्तर होतो. बायको-मुलं राजापूरकडे, घरच्या शेतीवर. मी कोपरीत एका खोलीत. कोपरी म्हणजे तेव्हा रुळांपलीकडचं गाव. भाताची खाचरं, कोळ्या-आगऱ्यांची घरं, पुढे मिठागरं आणि खाडी. ड्यूटी संपली की खोलीवर जावंसं वाटत नसे. पाय विष्णुपंतांच्या बागेकडे वळत. तिथे कचेरीतले कारकून गोविंदराव आधीच येऊन बसलेले असत. त्यांची बायको माहेरी गेली होती, ती परत आली नव्हती. का, ते आम्ही कधी विचारलं नाही.

विष्णुपंत मीठखात्यातले पेन्शनर. मूलबाळ नाही. नोकरीत असताना एका बंगाली बाबूने बदली होऊन जाताना त्यांना होमिओपाथीच्या औषधांची लाकडी पेटी आणि एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ दिला होता. पत्नीच्या आजारपणात त्यांनी तिला त्यातलंच औषध दिलं. ती गेली. तापाची साथच होती ती, डॉक्टरचं औषध घेतलेलेही गेले. पण पुढे कोपरीत कोणी त्यांच्या हातचं औषध घेईना, आणि तेही कोणाला देईनात. पेटी तर भरलेली होती. मग त्यांनी झाडांना औषध द्यायला सुरुवात केली.

*

पहिला रोगी कागदी लिंबू. पानं वळत होती, फूल टिकत नव्हतं.

या शास्त्रात म्हणे रोग्याला फार बारीक विचारावं लागतं. तहान कधी लागते, ऊन सोसतं की गारवा, एकटं बरं वाटतं की माणसांत. विष्णुपंत ग्रंथ मांडीवर घेऊन लिंबाशेजारी पाट टाकून बसले, ते दिवसभर. आम्ही गेलो तरी तिथेच.

गोविंदराव म्हणाले, "त्याला स्वप्नं कसली पडतात, तेही विचारा."

विष्णुपंतांनी गंभीरपणे पान उलटलं. ग्रंथात तो प्रश्न होताच. ते म्हणाले, "स्वप्नांचं अजून कळलं नाही. पण माणसांत त्याला बरं वाटतं. तुम्ही दोघं आलात तशी त्याची पानं जरा सैल झाली."

आम्हाला काही तसं दिसलं नाही. पण त्या दिवशी आम्ही रोजच्यापेक्षा उशिरा उठलो.

*

औषध पाण्यात घातलं की बाटली नुसती हलवून चालत नाही, ती आपटावी लागते. जितकी आपटाल तितकी ताकद वाढते, असं ग्रंथ सांगतो. आपटायला कातडी वस्तू हवी. विष्णुपंतांनी जुनी तक्क्याएवढी कातडी थैली शोधून काढली आणि दुपारभर तिच्यावर बाटली आपटू लागले. आवाज साऱ्या आळीत जाई.

शेजारी ठकूबाई कोळीण राहायची. तिने बरेच दिवस ऐकून घेतलं आणि एका संध्याकाळी ती कंबरेवर हात ठेवून कुंपणाशी उभी राहिली. आम्ही तिघेही होतो.

"घरान तं कोन नाय," ती म्हणाली. "मंग रोज मारताव कोनाला?"

विष्णुपंतांनी तिला बाटली दाखवली, थैली दाखवली, शास्त्र समजावलं. तिने सगळं ऐकलं. जाताना म्हणाली, "मना वाटलं, कोन तरी आलाय."

*

गोविंदरावांचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. शेवटी त्यांनीच परीक्षा ठरवली. वांग्यांचा एक वाफा घ्यायचा, मधे दोरी बांधायची. अर्ध्या वाफ्याला औषधाचं पाणी, अर्ध्याला विहिरीचं साधं. बाकी सगळं सारखं. फळ धरलं की वजन करायचं आणि विषय कायमचा मिटवायचा.

विष्णुपंत तयार झाले. वांगी दोन्हीकडे झकास आली. उद्या तोडायची असं ठरलं आणि सकाळी ठकूबाईची शेळी कुंपणातून आत शिरली. आम्ही पोचलो तेव्हा औषधाची बाजू साफ झाली होती आणि साध्या पाण्याच्या बाजूला तिने तोंडही लावलं नव्हतं.

गोविंदराव कपाळाला हात लावून बसले. विष्णुपंत शांतपणे म्हणाले, "परीक्षक तुमच्या कचेरीतला नव्हता, एवढं तरी मान्य करा."

*

एका पावसाळ्यात उधाणाचं पाणी बांध फोडून बागेत आलं. खाडीचं खारं पाणी दोन दिवस उभं राहिलं. ओसरलं तेव्हा जमिनीवर पांढरी साय धरली होती. पेरू, लिंबू, केळी, सगळं मान टाकून.

विष्णुपंतांनी पेटीतून बाटली काढली, नेट्रम मूर. गोविंदरावांनी विचारलं, हे कशाचं. विष्णुपंत म्हणाले, मिठाचं.

"अहो, खाडीभर मिठाने मेलेल्यांना तुम्ही कणभर मिठाने उठवणार?"

"विषस्य विषमौषधम्," विष्णुपंत म्हणाले. "जन्मभर मीठच मोजलं मी. ते औषध आहे, हे कोणी आधी सांगितलं नाही."

पंधरवडाभर ते एकेका झाडापाशी जाऊन थेंब देत होते. एकेक झाड वाळत गेलं. उरला तो एक नारळ. तो मात्र असा तजेलदार झाला की बघत राहावं. विष्णुपंत त्याच्या बुंध्यावर हात ठेवून आम्हाला म्हणाले, "एक तरी वाचला."

नारळाला खारं पाणी मानवतं, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. गोविंदरावांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाले, "खरंच, वाचला."

*

मला एकदा हिवताप आला. खोलीत पडून होतो, अंगावर घालायला दोन पांघरुणं पुरत नव्हती, आणि बाहेर गाड्यांच्या शिट्ट्या. दोन दिवस बागेत गेलो नाही, तशी तिसऱ्या दिवशी विष्णुपंत पेजेचं भांडं घेऊन आले. कपाळावर ओल्या घड्या ठेवत दुपारभर बसले.

मीच म्हटलं, तुमच्या पेटीतलं काही द्या. त्यांनी पेजेचं भांडं माझ्याजवळ सरकवलं.

"झाडाचं चुकलं तर रडायला मी एकटा असतो," ते म्हणाले. "तुमच्यामागे माणसं आहेत, तारमास्तर."

आणि घडी बदलायला उठले.

*

पुढे गोविंदरावांची बदली कारवारला झाली, माझी कल्याणला. कल्याण काही लांब नाही, पण जाणं होईना. गेलो तो जवळजवळ वर्षाने.

एक माणूस सांगायचा राहिला. विष्णुपंतांच्या घरासमोर, गल्लीपलीकडे, एक म्हातारे वैद्यबुवा राहत. मुलगा बडोद्यास, तेही एकटेच. त्यांच्या अंगणात अडुळसा, शतावरी, गुळवेल अशी औषधी झाडं होती आणि त्यांना ते शेण-गोमूत्र घालत. त्यांचं आणि विष्णुपंतांचं विळ्या-भोपळ्याचं. वैद्यबुवा एकदा देवळात चारचौघांत म्हणाले होते, घागरीत थेंब टाकून औषध होत असेल तर खाडीत टाका आणि सगळं ठाणं बरं करा. विष्णुपंतांनी उत्तर दिलं होतं, शेणामुताने रोग जात असते तर गोठ्यात कधी कोणी मेलं नसतं. तेव्हापासून बोलणं बंद. दोघं आपापल्या कुंपणातून एकमेकांची झाडं तेवढी बघत.

मी गेलो तेव्हा विष्णुपंतांच्या बागेत कोणी नव्हतं. मागे वळलो तर समोर वैद्यबुवांच्या घराला कुलूप दिसलं. ते पावसाळ्याआधी वारल्याचं ठकूबाईने सांगितलं. मुलगा आला, क्रियाकर्म करून गेला.

अंगणात मात्र हालचाल होती. विष्णुपंत धोतर खोचून अडुळशाच्या मुळाशी वाकले होते. हातात मडकं होतं आणि गोमूत्राचा वास गल्लीपर्यंत येत होता. अडुळसा हिरवागार होता.

मी कुंपणापाशी जाऊन विचारलं, "पंत, हे काय? तुमची पेटी कुठाय?"

त्यांनी मडकं खाली ठेवलं, धोतराला हात पुसले.

"घरी आहे," ते म्हणाले. "ही वैद्यबुवांची झाडं. झाडांना माझं औषध द्यायचं म्हणजे बुवांची परवानगी नको का?"