कडुलिंबावरची गुळवेल

कुंदाचा आवाज फोनवर फार थकलेला वाटला, म्हणून मी गव्हाणला निघाले. शाळेत शिवणाच्या तासाला माझे वाकडे टाके उसवून, सिस्टर यायच्या आत नीट घालून देणारी ही माझी मैत्रीण.

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँच जाते. भरती-ओहोटी विचारूनच निघा, पाणी उतरलं की खोळंबा होतो. मोऱ्याहून रिक्षाने उरण, तिथून पनवेलची बस, ती गव्हाणवरून जाते. उरणच्या स्टँडवर गरम पोहे मिळतात. पूर्वी या वाटेवर मिठागरं पांढरी दिसायची, आता भरावाची लाल माती दिसते.

अंगणातल्या कडुलिंबावरून गुळवेल दोरखंडासारखी लोंबत होती. कुंदा बाहेर आली आणि मी तिचे डोळेच बघत राहिले.

"पिवळे झालेत गं."

"आल्या मदर सुपीरियर," ती हसली. "माहितीय मला. म्हणून तर काढा एकाचे दोन पेले केलेत."

कोरोनापासून तिच्या मोठ्या जाऊबाई, यमुनाबाई, रोज सकाळी बोटाएवढी जाड वेल कापून, ठेचून उकळायच्या. कडुलिंबावर चढलेली सगळ्यात गुणाची, असं सगळे मानतात. तापावर, भूक लागायला आणि काविळीवरही तीच.

"आमी सगली पितो," यमुनाबाई म्हणाल्या. "आमाला काय नाय झाला."

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. कुंदाने ताट न खाताच बाजूला सरकवलं. निघताना तिने वेलीचा एक तुकडा माझ्या पिशवीत टाकला. "कुंडीत खोच. विसरलीस तरी मरायची नाही ती."

"खोचते. पण आधी तू माझ्याबरोबर पनवेलला चल. नाहीतर मी इथेच राहायला आले समज."

दवाखान्यात डॉक्टरांनी कोणती औषधं चालू आहेत ते विचारलं. कुंदाने थायरॉईडची गोळी सांगितली. काढा सांगितलाच नाही, तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. मी सांगितला, तेव्हा डॉक्टरांचं लिहिणं थांबलं.

"पुष्कळांना काही होत नाही," ते म्हणाले. "काहींचं यकृत मात्र बिघडतं, आणि कोणाचं ते आधी कळत नाही. आता थेंबही नको."

तिला दाखल करून घेतलं. संध्याकाळी यमुनाबाई पदराखाली थर्मास घेऊन आल्या. आत काढा होता, अजून गरम. मी तो बेसिनमध्ये ओतला. त्यांनी रिकामा थर्मास धुऊन घेतला.

कुंदा त्या दवाखान्यातून घरी परतली नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी रोज गुळवेल घेत असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना ते सांगा. अन्नावरची वासना गेली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर काढा तिथेच थांबवा आणि रक्त तपासून घ्या. डोळे पिवळे व्हायची वाट बघू नका.

परवा यमुनाबाईंचा फोन आला. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, ठीक आहे म्हणाल्या. वेल तोडून टाकली.

"बाय, रोज मीच उकलून देत होते नं तिला."

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं, यमुनाबाई."

"दुसरा पेला पन मीच वाडवला."

ओट्यावर, त्या दिवशी पिशवीतून काढून ठेवलेल्या वेलीच्या कोरड्या तुकड्याला हिरवं पान फुटलं होतं. फोन कानाशी धरून मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. पलीकडे त्याही फोन ठेवत नव्हत्या.