शाहीन मॅडमची रजा

आधी माफी मागते. मॅडमवर लिहिण्याचा माझा तसा काही अधिकार नाही. त्यांच्या घरची माणसं आहेत, त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेले डॉक्टर आणि सिस्टर आहेत. मी आपली त्यांच्या हाताखाली जेमतेम काही महिने शिकलेली फार्मसीची विद्यार्थिनी. पेपरच्या पुरवणीत लिहिणारं आमच्या घरात कुणी नाही, खरं तर माझ्याआधी कॉलेजात गेलेलंही कुणी नाही. पान लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. माझे बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल उतरवायचं काम करतात. त्यांना थोडंसं वाचून दाखवलं आणि म्हटलं, राहू दे, आपलं काम नाही हे. तर म्हणाले, "बाय, आमाला लिवता येत नाय म्हनून आमी गप. तुला येतंय, त तू कशाला गप?" ... म्हणून लिहिते आहे. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

मॅडम गेल्या त्या सकाळी मी नाक्यावर रिक्षाची वाट बघत होते. हॉस्पिटलच्या ग्रुपवर मेसेज आला, "शाहीन मॅडम गेल्या. सकाळी, घरीच." आदल्या दिवशी त्या फार दमलेल्या दिसत होत्या. मला वाटलं, सकाळी येऊन तब्येत बरी नाही म्हणून घरी गेल्या असतील. बरं झालं, एक दिवस तरी आराम करतील, असं मनात म्हणत मी रिक्षात बसलेसुद्धा. मग मेसेजखाली एकेकाचे जोडलेले हात यायला लागले, तेव्हा कुठे 'गेल्या'चा अर्थ लागला.

पनवेलमधल्या माजी सैनिकांच्या एका हॉस्पिटलमध्ये मॅडम क्लिनिकल फार्मासिस्ट होत्या. म्हणजे नक्की काय, हे मला गावात कधी नीट सांगता यायचं नाही. औषधं देणारी खिडकी वेगळी. मॅडमचं टेबल त्या खिडकीच्या अलीकडे, भिंतीला लागून. डॉक्टरांनी आज लिहिलेलं औषध, त्या माणसाच्या पोटात आधीपासून जात असलेली औषधं, त्याचं वय, त्याची किडनी, या सगळ्यांचं एकमेकांशी पटतं का, हे बघणं त्यांचं काम. पटत नसेल तर उठून डॉक्टरांकडे जायचं, बोलायचं, आणि डॉक्टरांचं म्हणणं घेऊन परत यायचं. दिवसभर त्यांच्या त्या खोल्यांमधल्या फेऱ्या चालत. पहिल्या दिवशी त्यांनी मला एका गोळीबद्दल विचारलं. मी पाठ केलेलं इंग्रजी घडाघडा म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान. आता हेच तुझ्या आईला सांग." मी पुन्हा इंग्रजीतच सुरू झाले. "आईला सांगता आलं, की मगच तुला आलं असं समजायचं," असं म्हणून त्यांनी माझा डबा उघडला आणि सुकटीची चटणी विचारायच्या आत खाल्लीही.

त्यांच्या टेबलावर कप्प्यांचं एक स्टीलचं ताट असायचं. फौजेच्या लंगरमध्ये हयातभर स्वयंपाक केलेल्या एका निवृत्त जवानानं ते दिलं होतं. कुणी आला आणि "जय हिंद, मॅडम" म्हणाला, की त्या म्हणायच्या, "जय हिंद. पिशवी?" घरात असतील नसतील तेवढी सगळी औषधं पिशवीत घालून आणायची, हा त्यांचा नियम. मग ताटात एक कप्पा सकाळचा, एक दुपारचा, एक रात्रीचा, आणि सुरू व्हायची ओळख परेड. एकेक गोळी पुढे करून मॅडम विचारायच्या, "हिची ड्युटी काय?" सांगता आलं नाही की गोळी बाजूला. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या निघाल्या की म्हणायच्या, "साहेब, हा एकच जवान दोन नावं लावून दोन ठिकाणी हजेरी देतोय." आणि जिचं काम संपलंय तिला म्हणायच्या, "हिला रिटायर करू या. थांबा, डॉक्टरांना विचारून येते." एकदा एक आजोबा म्हणाले, "मग हिला पेन्शन द्यावी लागणार का मॅडम?" मॅडम गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "नाही. हिची नोकरी टेम्पररी होती." पलीकडच्या बाकावरचे सगळे हसले. पण औषध बंद झालं, ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

सुभेदार शेलार पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना आणलं त्यांच्या सूनबाईंनी, वैशालीवहिनींनी. दंडाला धरून. सुभेदार मूळचे साताऱ्याकडचे, आता खांदा कॉलनीत सुनेकडे राहतात. मुलगा जहाजावर असतो, त्यामुळे घरचं सगळं वहिनींवर. सुभेदार दिवसा पेंगायचे, चालताना तोल जायचा, पडून हाताला लागलेलं. सुनेला गेलेल्या बायकोच्या नावानं हाक मारायचे. वहिनी खुर्चीत बसल्या बसल्याच बोलायला लागल्या, "मॅडम, मी वाईट नाही हो. पण मी नोकरीला जाते आणि हे गॅस चालू ठेवून झोपतात. वय झालं, डोक्यावर परिणाम झालाय, असं सगळेच म्हणतात. कर्नाळ्याच्या पुढे एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय."

"पिशवी आणलीत?" मॅडम म्हणाल्या.

"मी काय सांगतेय आणि तुम्ही पिशवी काय विचारताय!"

पण पिशवी आणलेली होती. परेड सुरू झाली आणि झोपेच्या एका गोळीशी अडली. ही कुणी दिली? सुभेदार म्हणाले, हॉस्पिटलनं इश्यू केली. कधी? मिसेस गेली तेव्हा. म्हणजे कितीतरी वर्षांपूर्वी, थोड्या दिवसांसाठी. पुढे दर वेळी जुनी चिठ्ठी बघून नवीन मिळत गेली. तिच्या जोडीला सर्दीची एक गोळी, तीही सुस्ती आणणारी, तीही तशीच चालू. मॅडमनी विचारलं, "मग अजून का घेताय, साहेब?" इतका वेळ मान टाकून बसलेले सुभेदार एकदम ताठ झाले. "'थांबा' अशी ऑर्डर आली नाही."

मॅडमनी हातातली गोळी ताटात ठेवली. मग वहिनींना जरा जोरातच म्हणाल्या, "घरात इतकी वर्षं कुणी बघितलं कसं नाही?" वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझ्यासमोरच त्यांना फोन लावला. "वैशाली, काल मी तुमच्यावर चिडले. चुकीचं होतं. बघायचं काम आमचं."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, तपासण्या करून घेतल्या. म्हणाले, गोळ्यांमुळे असू शकतं, वयामुळेही असू शकतं, कमी करून बघू या. सर्दीची गोळी लगेच बंद केली. झोपेची एकदम तोडता येत नाही. शरीराला सवय झालेली असते, अचानक थांबवली तर झटकेसुद्धा येऊ शकतात. ती थोडी थोडी उतरवत न्यायची, म्हणजे महिने लागणार. मॅडमनी वहिनींना सांगितलं, "दिवाळीपर्यंत मला वेळ द्या. तोवर यांना कुठे पाठवू नका."

"आणि नाही सुधारले तर?"

"तर खोली बघायला मी स्वतः तुमच्याबरोबर कर्नाळ्याला येईन."

पहिले आठवडे फार वाईट गेले. सुभेदारांना झोप लागेना, ते चिडायचे, वहिनी फोनवर रडायच्या. मॅडम म्हणायच्या, "सबर, वैशाली. उतरणीवर गाडी हळूच न्यावी लागते." गोळी कमी करायची ऑर्डर सुभेदार फक्त मॅडमच्या तोंडून घ्यायचे, दुसऱ्या कुणाच्या नाही. आणि दर भेटीत निघताना एकच प्रश्न, "मॅडम, तुमचं घर कुठं?" मॅडम दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगायच्या, "जुन्या पनवेलात, साहेब. तळ्याच्या काठानं यायचं, बेकरीच्या पुढची गल्ली, हिरव्या दाराचं घर. या चहाला." एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, मॅडम, एवढं सगळं कशाला सांगता, ते तर जिना उतरेपर्यंत विसरतात. त्या म्हणाल्या, "ज्या दिवशी त्यांच्या लक्षात राहील, त्या दिवशी अर्धाच पत्ता असून कसं चालेल?"

... आणि मध्येच मॅडम गेल्या. गोळी निम्म्यावर आली होती. वहिनी, डॉक्टर आणि मी डॉक्टरांच्या खोलीत उभे होतो. आता हे सुभेदारांना कळलं तर ते सगळं सोडून देतील, नाहीतर पुन्हा पहिल्यासारख्या गोळ्या घेतील, अशी वहिनींना भीती. काही दिवस सांगायचं नाही असं ठरलं. मला ते जड गेलं, पण एक गोष्ट मी मनाशी पक्की केली. गोळी कशी उतरवायची हे मॅडमनी डॉक्टरांबरोबर शेवटपर्यंत ठरवून ठेवलं होतं. ते मी पुरं करून घेणार. मला जमेल की नाही, हा विचारच करायचा नाही.

पुढच्या भेटीला सुभेदार आले. मॅडमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "मॅडम?"

"रजेवर आहेत."

"ॲन्युअल का कॅज्युअल?"

मी गडबडले. "ॲन्युअल."

"हं. मग घेऊ दे."

मी परेड घेतली. डॉक्टरांनी लिहिलेली पुढची पायरी सांगितली आणि म्हटलं, मॅडमचीच ऑर्डर आहे. ते खोटं नव्हतं. नंतरच्या भेटीला त्यांनी विचारलं, "रजा संपली नाही?" मी म्हटलं, वाढवलीय. त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे, पेंग नसलेल्या डोळ्यांनी. त्या दिवशी निघताना घर कुठं, हे त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, तेही विसरले.

गेल्या आठवड्यात सकाळीच वहिनींचा फोन आला. त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. "प्रणाली, बाबा घरात नाहीत. खाली नाहीत, बागेत नाहीत, वॉचमनला माहीत नाही. बास झालं आता. दिवाळीपर्यंत थांबणं माझ्याच्यानं होणार नाही. आजच त्या वृद्धाश्रमात कळवते." शोधाशोध करून त्या हॉस्पिटलमध्येच धावत आल्या. पोलीस चौकीत जायचं म्हणून आम्ही बाहेर पडतच होतो, तेवढ्यात फाटकातून सुभेदार आत येताना दिसले. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, हातात औषधांची पिशवी. एकटे. वहिनींजवळून जाताना त्यांनी नुसती मान हलवली आणि सरळ मॅडमच्या टेबलाशी गेले. खुर्चीसमोर उभं राहून "जय हिंद" म्हणाले. मग बसले आणि कडेला ठेवलेलं कप्प्यांचं ताट स्वतःच पुढे ओढलं.

"पोरी," ते मला म्हणाले, "एवढी रजा फौजेत कुणाला वाढवून मिळत नाही."

"तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"कुणी सांगत नव्हतं, म्हणून तर गेलो. तळ्याच्या काठानं. बेकरीच्या पुढची गल्ली. हिरवं दार." एकेक गोळी ते ताटात लावत होते. सकाळच्या कप्प्यात सकाळची, दुपारच्या कप्प्यात दुपारची. रात्रीच्या कप्प्यात झोपेच्या गोळीचा शेवटचा बारीक तुकडा. "मॅडमच्या मिस्टरांनी दार उघडलं. त्यांनी सांगितलं सगळं. मग चहा दिला. मॅडमनी बोलावलं होतं ना चहाला."

वहिनी दारातच उभ्या होत्या, फोन तसाच हातात. सुभेदारांनी मागे वळून पाहिलं नाही, पण बोलले ते त्यांच्याशीच. "वैशाली, रस्ता चुकलो का, ते विचार की."

वहिनींच्या आधी मीच विचारलं.

"नाही," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी ताट माझ्यापुढे सरकवलं. "घे परेड."