कसियानोचं कोनफळ

प्रशांत महासागरातल्या आमच्या पोनपेई बेटावर ज्याचं कोनफळ मोठं त्याचा मान मोठा, म्हणून जो तो ते लपवून वाढवतो. दुसऱ्याच्या कोनफळाबद्दल तोंडातून ब्र काढायचा नसतो. नजर गेलीच तर ती लगेच वळवायची. मी जन्मापासून चौकस, त्यामुळे हा नियम मला फार जड जातो.

माझा शेजारी कसियानो नऊ वर्षं रानात कुठेतरी एकच कोनफळ वाढवत होता. त्याची मुलगी मर्लीना अमेरिकेच्या फौजेत गेली, त्याच वर्षी त्याने ते लावलं. आमची पोरं अमेरिकेसाठी लढतात, आणि अमेरिका आमचा समुद्र राखते. असा करार आहे. मर्लीना परतली की ते उपसून मोठ्या सरदारापुढे ठेवायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. आपलं नाव व्हावं ते लेकीच्या देखत, असा त्याचा हट्ट.

यंदा अमेरिकन नौदलाला आमच्या किनाऱ्यावर धक्का आणि तिथवर रस्ता हवा झाला. हार्लन नावाचा तरुण अधिकारी आला. गावाच्या मांडवात त्याने पांढऱ्या चादरीवर विमानातून काढलेला फोटो दाखवला. प्रत्येकाची लपवलेली वेल त्यात उघडी पडली होती. सगळे आपापल्या पायांकडे बघत बसले. मी मात्र पाहून घेतलं, खोटं कशाला बोलू? रस्त्याची लाल रेघ जिच्यावरून जात होती, त्या मोठ्या वेलीवर काठी टेकवून हार्लनने विचारलं, ही कुणाची? कसियानो उठला आणि निघून गेला.

दुभाष्या पेद्रुसने हार्लनला बाहेर नेऊन बरंच झापलं. मग हार्लन सकाऊची, म्हणजे आमच्या गुंगी आणणाऱ्या पेयाची, मुळं घेऊन कसियानोकडे माफी मागायला आला. आमच्याकडे माफीचा सकाऊ समोर आला की नाही म्हणता येत नाही, आणि प्यायलं की भांडण मिटलं. म्हणूनच त्यांना लांबून पाहताच कसियानो होडी घेऊन पसार झाला. हार्लन तीन दिवस त्याच्या ओट्यावर ठाण मांडून बसला. मलाही त्याच ओट्यासमोर जाळं दुरुस्त करायची भलतीच निकड लागली.

तिसऱ्या दुपारी कसियानो परतला. पेद्रुसने मुळं दगडावर कुटून रस पिळला. हार्लनने करवंटी दोन्ही हातांनी पुढे धरली.

"माफी कोण मागतंय? तू, की तुझा देश?" कसियानोने विचारलं.

हार्लन म्हणाला, "मीच, काका. देशाच्या वतीने मागायचा मला हुकूम नाही."

हे खरं बोलणं कसियानोला आवडलं असावं. त्याने डोळे मिटले आणि करवंटी रिकामी केली.

"तुझं माझं मिटलं. जेवून जा," तो म्हणाला.

हार्लनला एवढं हायसं वाटलं, की त्याने लगेच रस्त्याचा नकाशा उलगडला आणि जमीन द्यायच्या सहीची जागा दाखवली. मी जाळं खाली ठेवलं.

"तुझ्या देशाने अजून करवंटी आणलेली नाही," कसियानो म्हणाला. "आणायची असेल तर माझ्या मर्लीनाच्या हाती पाठवा. तुमचीच शिपाई आहे ती."

पेद्रुसने हे हार्लनला सांगायला बराच वेळ घेतला.