दुसऱ्या दुनियेचा राजा

मांजरसुंब्याच्या चौकातल्या टीव्ही मिस्त्रीचं नाव मी दहा वर्षांत कधी विचारलं नाही. बोलताना तो माणसाकडे न पाहता हातातल्या कामाकडेच पाहतो. दुरुस्त झालेल्या टीव्हीवर मात्र अंतराळातले डब केलेले सिनेमेच लावतो. "रंग लई असतात मास्तर, बिघाड लगेच दिसतो," म्हणतो.

निवडणुकीच्या दिवसांत मी त्याच्या दुकानात बसलो होतो, असाच एक सिनेमा चालू होता. कुठल्याशा ग्रहाचा राजा गच्चीवरून सांगत होता, "तुमचा दुश्मन मी शोधलाय," आणि खालची गर्दी आनंदानं रडत होती. तेवढ्यात चार कार्यकर्ते प्रचाराचा भोंगा दुरुस्तीला घेऊन आले. त्यातला एक भडकला, "बंद कर बे! आमच्या साहेबाची टिंगल करतो का?"

मिस्त्रीनं मान वर केली, थेट त्याच्याकडे पाहिलं. "पिक्चर दुसऱ्या दुनियेचा हाय, भाऊ. त्यात तुमाला साहेब कावून दिसले?"

मिस्त्रीनं शांतपणे भोंगा खोलला. सिनेमा चालूच राहिला आणि ते चौघेही उभ्या उभ्या पाहू लागले. शेवटी राजा पडला, तेव्हा त्या भडकलेल्यानंच जोरात शिट्टी मारली.