फक्कीच्या भिंती

"तुझी आत्या एवढी मोठी आर्किटेक्ट होती ना, मग मुलींचं टॉयलेट मैदानाच्या पार त्या टोकाला का बांधलं तिनं?"

प्रश्न माझा नाही, तेजलचा आहे. आमच्या शाळेच्या इमारतीचा नकाशा सुमा आत्यानं काढला, आणि ती गेल्यापासून अधूनमधून माझ्या स्वप्नात येते, अशी फुशारकी मी मधल्या सुट्टीत मारत होते. तर ही बया म्हणते, "येते ना? मग विचार की! विचारलंस तर पाणीपुरी माझ्याकडून. पोटभर."

मी म्हटलं, लागली पैज. मी काय, कुणालाही काहीही विचारते! वक्तृत्वाची ढाल काय उगाच मिळाली?

फरजाना मात्र हसली नाही. तिनं आपली पाण्याची बाटली दप्तरात सारली. भरलेली. सकाळी भरून आणते आणि संध्याकाळी तशीच घरी नेते. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं म्हणजे सगळ्या मुलांच्या क्रिकेटमधून, भर उन्हात. मागच्या महिन्यात लघवीचं इन्फेक्शन होऊन ती दवाखान्यात होती. परत आली, तरी बाटली भरलेलीच.

आज रविवार. दुपार. आईनं नुकतीच फरशी पुसलीये, फिनेलचा वास येतोय. पोटात भरीत-भाकरी, डोक्यावर पंखा. मी गादीवर आडवी आहे, झोपलेली नाही, नुसते डोळे मिटलेत. उद्या शाळेत ज्युनिअर कॉलेजच्या नव्या इमारतीची आखणी आहे. म्हणजे कागदावरचा नकाशा मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं आखायचा, खराखुरा, तेवढ्याच मापाचा. मी विद्यार्थी प्रतिनिधी आहे, मलाही बोलावलंय. त्याचा विचार मी करत नाहीये.

पंख्याचा आवाज हळूहळू मापं घ्यायची टेप गुंडाळल्यासारखा येतो. आणि टेप खरंच कुणीतरी गुंडाळतंय.

"इरे, टोक धर. सोडू नकोस."

सुमा आत्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, ओढणी कमरेला बांधलेली. ती नाहीये हे मला माहितेय, आणि तरी त्यात काही विचित्र वाटत नाही. मी टेपचं टोक धरते. गादी कुठे गेली कळत नाही, पायाखाली शाळेचं मैदान आहे, गार.

आत्या घमेल्यातून फक्की सोडत उलटी चालतेय. ती आखणी नेहमी स्वतः करायची. गवंडी हसायचे, बाई पडतील म्हणून. ती कधीच पडली नाही.

"ए! भिंतीवर पाय दिलास!"

मी चटकन पाय उचलते. खाली पांढरी रेघ आहे. नीट पाहते तर सगळी शाळाच रेघांची झालीये. भिंती नाहीत, छत नाही, नुसती फक्की. बाकं आहेत, बाई आहेत, पोरं आहेत, आणि सगळे रेघ पाळतायत. शिपाईकाका नसलेलं दार उघडतात, आत येतात, परत लावतात. कडीचा आवाजसुद्धा येतो.

"बोल," आत्या म्हणते. "काहीतरी विचारायचं होतं ना?"

"नाही गं, असंच. तू कशी आहेस?"

"मेलेय. पुढे?"

मला हसू येतं, पण प्रश्न टाळून मी टेपचं टोक बोटाला गुंडाळत बसते. तीच मी, ढाल मिळवणारी! शेवटी पुटपुटते, "ते... मुलींचं... एवढं लांब का?"

आत्याच्या हातातलं घमेलं थांबतं.

"मी जिन्याजवळ काढलं होतं," ती म्हणते. "प्रत्येक मजल्यावर. वर्गातून निघालं की लगेच."

"मग?"

"मग मीटिंग झाली."

आणि मैदानात खुर्च्या आहेत. ओळीनं बसलेली माणसं, समोर चहाचे कप. मधे संस्थेचे अध्यक्ष. एका खुर्चीत माझे बाबा, शाळेत गणित शिकवतात ते, पण केस अजून काळे. अध्यक्ष नकाशावर बोट ठेवतात. "सुमाताई, हे जिन्याजवळ? पाहुणे इथूनच वर येणार. बरं दिसत नाही. मैदानाच्या टोकाला न्या."

सगळे आत्याकडे बघतात. आत्या म्हणते, "चालेल."

"एवढंच?" मी विचारते. "तू? तू भांडली नाहीस?"

"भांडले की. बीमच्या जाडीवरून त्याच मीटिंगमध्ये तासभर भांडले. पण पोरींची पाळी येते, त्यांना पटकन जाता आलं पाहिजे, हे तिथं तोंडातून निघेना. समोर मला भूमिती शिकवलेले गुरुजी. शेजारी सख्खा भाऊ. मी एकटीच बाई. म्हटलं, जाऊ दे, थोडं चालतील पोरी." ती हाताची फक्की झटकते, पण फक्की निघत नाही. "चालतायत अजून."

कुणीतरी म्हणतं, "विद्यार्थी प्रतिनिधी?"

एक खुर्ची रिकामी आहे. ती माझी आहे. बाबांचे केस आता पांढरे झालेत, पडद्यावर नव्या इमारतीचा नकाशा आहे आणि ही परवा झालेली मीटिंग आहे. मला इथून उठायचंय. अध्यक्ष हसून विचारतात, "बोला, काही सूचना?" नकाशात मुलींच्या टॉयलेटचा छोटा चौकोन परत पार टोकाला आहे. मी परवाही पाहिला होता. फरजानाची बाटली परवाही डोळ्यांसमोर आली होती.

आणि माझाच खणखणीत आवाज येतो, "सर, स्टेजला विंगा हव्यात आणि नवा प्रोजेक्टर हवा!"

टाळ्या. बाबांची मान केवढी ताठ.

"छान बोललीस," आत्या म्हणते. टोमणा नाही, तेच जास्त लागतं.

"आत्या, बाबा होते गं समोर."

"माझ्याही समोर तोच होता."

घंटा होते. बिनभिंतींच्या वर्गात फरजाना उभी राहते, करंगळी दाखवते. बाई मान हलवतात. ती रेघांमधून चालायला लागते, आणि व्हरांडा तिच्या पुढे पुढे लांबत जातो. ती पळते, तो आणखी लांबतो. परत घंटा. ती अर्ध्यातूनच वळते, जागेवर येऊन बसते, बाटली दप्तरात सारते. मला ओरडायचंय, पण तोंडात फक्की भरलीये, कोरडी.

आत्या माझ्या अगदी जवळ येते. तिच्या अंगाला चुन्याचा आणि मोगऱ्याच्या तेलाचा वास येतोय.

"ही भिंत कशाची आहे?"

मी कशीबशी म्हणते, "फक्कीची."

"मग बघतेस काय?"

मी उजवा पाय रेघेवर टेकवते आणि घासते. रेघ फिसकटते. मागून बाई ओरडतात, "भिंत पाडतेय ती पोरगी!" आत्या हसतेय की रडतेय कळत नाही, ती उलटी चालत लांब जातेय, पेन्सिल तेवढी दिसतेय.

"खोदायला लागले की पुसता येत नाही, इरे. माझी राहिली पुसायची."

"तू रागावलीस का माझ्यावर?"

"तुझ्यावर कुठून? माझ्यावरच पुरत नाही!"

टेपचं टोक माझ्या हातातून सुटतं. सर्रर्र.

पंखा. फिनेल. तोंड कोरडं पडलंय. मी उठते, स्वयंपाकघरात जाते आणि माठातून तांब्याभर पाणी घटाघटा पिते. आई-बाबा चहा घेतायत.

"इरा!" आई किंचाळते. "आत्ता पुसली ना फरशी मी! कुठे तुडवून आलीस?"

मी मागे बघते. गादीपासून माठापर्यंत पांढरे ठसे. फक्त उजव्या पायाचे. तळवा उचलून बघते तर टाचेपासून बोटांपर्यंत पांढराफेक.

बाबा खाली वाकतात, ठशावर बोट फिरवतात, बोटाकडे बघत राहतात. "ही तर फक्की आहे," ते हळूच म्हणतात. "पण पोती तर उद्या सकाळी यायचीयेत."

आई बाबांकडे बघते, बाबा भिंतीवरच्या आत्याच्या फोटोकडे. मी तांब्या खाली ठेवते.

"बाबा, उद्या रेघ मारायच्या आधी मी अध्यक्षांशी बोलणार आहे. सगळ्यांसमोर. नव्या इमारतीत मुलींचं टॉयलेट जिन्याजवळ पाहिजे, प्रत्येक मजल्यावर, आणि का पाहिजे तेही सांगणार आहे, पाळी हा शब्द न गाळता. तुम्ही समोर असाल, मला मरणाची लाज वाटेल, तुम्हालाही वाटेल. आई, तू मधे बोलू नकोस. त्यांनी ऐकलं तर उत्तम. आणि नाही ऐकलं, तर त्यांनी मारलेली रेघ मी तिथल्या तिथे पायानं पुसणार आहे."