गावाचं नाव टाईप करताना

परभणीत स्टेशनजवळ, बियाण्यांच्या एका दुकानाच्या माडीवर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. माझं गाव आणखी आत; मी सेलूत खोली घेऊन राहायचो आणि तिथून पॅसेंजरने यायचो. दोघांत एक मशीन. माझा जोडीदार माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठा होता. सकाळी जिनिंगमध्ये काम करून दुपारी यायचा, तेव्हा बाहीला कापसाचे तंतू चिकटलेले असायचे. असेंब्ली, म्हणजे मशीनशी थेट बोलायची भाषा, त्याला माझ्याआधी कळायची आणि तो ती मला शिकवायचा.

"इंटरप्ट म्हणजे हाक," तो म्हणायचा. "एकवीस नंबरला हाक मारायची. त्याआधी एएच नावाच्या कप्प्यात नऊ ठेवलं तर पडद्यावर ओळ छापून देतो. एक ठेवलं तर कीबोर्डचं अक्षर आणून देतो. आठ ठेवलं तर अक्षर घेतो, पण दाखवत न्हाई."

ओळ कुठे संपते ते मशीनला सांगणारं डॉलरचं चिन्ह द्यायला मी एकदा विसरलो. मेमरीत पडलेलं सगळं पडद्यावर सांडत गेलं, बदाम, हसरे चेहरे, मधूनच भोंगा. तो पोट धरून हसला. त्याला तसं हसताना मी नंतर फारसं पाहिलं नाही.

त्या दुपारी आम्ही पासवर्ड घ्यायचा प्रोग्राम लिहीत होतो. पडद्यावर प्रश्न आला आणि कर्सर लुकलुकत उभा राहिला.

"काय टाकू?" मी विचारलं.

"तुमचं गाव टाका की."

मी टाकलं. पडद्यावर काही उमटलं नाही. त्याने आठच्या जागी एक घातलं, प्रोग्राम पुन्हा चालवला. या वेळी अक्षरं एकेक करून वर येऊ लागली. पाचव्या अक्षरानंतर मला पुढची कळ सापडेना. उरलेलं नाव त्यानं तोंडानं पुरं केलं.

"आमी बी तिथलेच," तो म्हणाला. "बौद्धवाड्यातले. आता कुणी न्हाई तिथं आमचं."

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, त्या श्रावणातलं तो सांगू लागला. तो तेव्हा दहा वर्षांचा होता. दिवेलागणीला त्यांच्या घरांना आग लावली. आई त्याला घेऊन गावात पळाली. एका मोठ्या दाराशी थांबून तिनं कडी वाजवली. त्या घरच्या शेतात ती खुरपायला जायची.

"दार उघडलंच न्हाई. आत माणसं होती, बरं का. एक पोरगं लय खोकायलं होतं. मग खोकला एकदम दबला, तोंड दाबलं असंल कुणीतरी."

मला डांग्या खोकला झाला होता. आईचा तळहात, त्याला येणारा लसणाचा वास, दाराच्या फटीतून दिसणारा तांबडा उजेड, हे सगळं माझ्या आठवणीत होतं. फक्त दाराबाहेर कोण होतं, ते मला कधी कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

मी स्क्रीनकडे बोट करून म्हणालो, "इथं दुसरी ओळ चुकलीय वाटतं."

"न्हाई," तो म्हणाला. "बरोबर हाय."

त्या दिवसापासून मला मशीनसमोर एकटं बसवेना. कळ दाबण्याची वाट बघणारा तो प्रोग्राम चालू केला की कानात कडी वाजायची. गाडीत, परभणी जवळ आली की मला उगीच खोकला येई. शेजारच्याला वाटायचं, धूळ असेल.

पुढे जानेवारीत, पंधरा-सोळा वर्षांच्या वादानंतर, विद्यापीठाला नवं नाव मिळालं. गावोगावी तणाव होता. क्लास आठवडाभर बंद राहिला. पुन्हा उघडला त्या दिवशी मी त्याला जिन्यातच गाठलं.

"ते खोकणारं पोरगं मी होतो."

तो पायरीवर बसला. बाहीवरचे तंतू काढत म्हणाला, "वाटलंच होतं. गाव सांगितलंस, घर न्हाई सांगितलंस." तो पहिल्यांदाच मला अरे-तुरे करत होता. "माझी माय हाय इथं. तिला भेट."

त्याची आई पत्र्याच्या खोलीत चुलीपुढे होती. मी कोण ते त्यानं सांगितलं. तिनं मला पाट दिला, चहा दिला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "तुझ्या मायनं कडी काढली होती रे. आवाज आला मला. मी पोराला म्हणलं, उघडायली बघ. मग परत लावली तिनं."



दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो. आई ओसरीवर गहू निवडत होती. वडील त्या श्रावणात परगावी होते, घरात आम्ही दोघंच, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी विचारलं, "कडी कुणी लावली परत?"

तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"काढली मीच. लावली बी मीच. समोरच्या माडीवरून आपली भावकी बघायली होती सगळी."

"ती जिवंत हाय, आई. परभणीत असती."

आईचे हात थांबले.  त्या बाईला भेटायला ती कधी आली नाही. मी तीनदा विचारलं, तीनदा तिनं पायाचं दुखणं सांगितलं.

जोडीदार त्याच वर्षी नोकरीसाठी पुण्याला गेला, आईला घेऊन. त्यानं पत्ता दिला होता. मी एक पत्र लिहिलं. उत्तर आलं, त्यात प्रोग्रामचं होतं, पगाराचं होतं, गावाचं काहीच नव्हतं.